नेम, नळी आणि गोळी

बार काढला आणि नेम चुकला तर दोष कोणाचा, हा प्रश्न बंदुकीइतकाच जुना आहे. हात, नळी आणि गोळी हे तिघे एकाच क्षणी कामाला लागतात आणि लक्ष्यावर उमटलेले छिद्र त्या तिघांच्या कृतीची बेरीज तेवढी दाखवते. कोणाचा वाटा किती, हे ते सांगत नाही. त्यामुळे ज्याला आपला नेम खरोखर सुधारायचा आहे, त्याला या तिघांची परीक्षा निरनिराळी घ्यावी लागते, एकाची परीक्षा चालू असताना उरलेल्या दोघांना स्थिर ठेवावे लागते, आणि जो निकाल हाती येईल तो आपल्या सोयीचा नसला तरी मान्य करावा लागतो. एके काळी ही विद्या शिकाऱ्याच्या आणि बंदूक घडवणाऱ्या कारागिराच्या मालकीची होती. आज ती आपल्या अवतीभवतीच्या शाळकरी मुलामुलींच्या हाती आली आहे, आणि ती कशी आली हे पाहण्यासाठी पनवेलइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

पनवेल हे गाव जुने. तेथील नगरपालिका १८५२ सालची, आणि २०१६ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले तेव्हा रायगड जिल्ह्यातील ती पहिलीच महानगरपालिका ठरली. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने रेल्वेमार्गाच्या पूर्वेस जी आखीव वसाहत उभारली, तिला नवीन पनवेल हे नाव मिळाले. इमारतींच्या या दाटीत नेमबाजीसारखी एकांतप्रिय विद्या रुजेल असे कोणास वाटले नसते. परंतु ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांनी आपले ‘लक्ष्य शूटिंग क्लब’ हे प्रशिक्षणकेंद्र पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत चालवले आणि हे शहर देशाच्या नेमबाजीच्या नकाशावर आले. सुमाताईंनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत दहा मीटर एअर रायफल प्रकारात ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि त्याच वर्षी अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली जयपूरच्या अवनी लेखरा यांनी टोकियो आणि पॅरिस या लागोपाठच्या दोन्ही पॅरालिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले.

शिकाऱ्याची परीक्षा

या विद्येचे मूळ मात्र शिकारीत आहे, आणि तेथील सर्वांत अवघड परीक्षा होती ती मिश्र नळ्यांच्या बंदुकीची. अशा बंदुकीत एक नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून छऱ्यांचे काडतूस उडते. दुसरी नळी आटेदार असते आणि तिच्यातून एकच गोळी स्वतःभोवती गरगरत, म्हणूनच सरळ, जाते. पक्षी उठला तर छर्रे आणि रानडुक्कर समोर आले तर गोळी, अशी दुहेरी सोय एकाच दस्त्यावर मिळावी हा तिचा हेतू. जर्मन भाषिक प्रदेशांत तिला तिसरी नळी जोडून ‘ड्रिलिंग’ हा प्रकार रूढ झाला. हिंदुस्थानात काम करणाऱ्या गोऱ्या अंमलदारांना याच गरजेपोटी निराळी बंदूक प्रिय झाली: सरहद्दीवरील अंबेला मोहिमेत १८६३ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या फॉस्बेरी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८८५ साली ‘पॅराडॉक्स’ या रचनेचे पेटंट घेतले आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कारखान्याने ती बाजारात आणली. या बंदुकीची नळी जवळजवळ सबंध गुळगुळीत, आणि आटे फक्त तोंडाकडच्या काही इंचांत. त्यामुळे एकाच नळीतून छर्रेही नीट जात आणि जड गोळीही शंभर यार्डांपर्यंत भरवशाने लागे.

मिश्र नळ्यांच्या बंदुकीची परीक्षा घेणे म्हणजे एका घरात नांदणाऱ्या दोन स्वभावांची परीक्षा घेणे होय. छऱ्यांच्या नळीसाठी चाळीस यार्डांवर मोठा कागद ताणून लावत, बार काढल्यावर छऱ्यांचा जेथे दाट भर असेल तेथे तीस इंच व्यासाचे वर्तुळ आखत आणि त्यातील छिद्रे एकेक करून मोजत. काडतुसातील एकूण छऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के वर्तुळात आले तर नळीचे तोंड पूर्ण आवळलेले, चाळीस टक्केच आले तर ते सरळ, असा हिशेब असे. आटेदार नळीची कसोटी वेगळी: बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, त्याच खुणेवर, त्याच काडतुसाने, सावकाश तीन बार काढायचे आणि तीन छिद्रे एकमेकांच्या किती जवळ पडली ते पाहायचे. छिद्रांचा पुंजका खुणेपासून दूर पडला तरी चिंता नसे, कारण दर्शनी सरकवून तो खुणेवर आणता येतो. पुंजकाच विस्कटलेला असेल तर मात्र कोणतीही दर्शनी उपयोगी पडत नाही. नेमबाजीचा हा पहिला धडा आजही बदललेला नाही.

दोन नळ्या एकमेकींस डाक देऊन जोडलेल्या असल्यामुळे आणखी एक पेच उद्भवतो. एका नळीतून लागोपाठ बार काढले की ती तापते आणि प्रसरण पावू पाहते, थंड राहिलेली जोडीदारीण तिला तसे करू देत नाही. परिणामी जोडी किंचित वाकते आणि प्रत्येक पुढची गोळी मागच्या गोळीपासून थोडी दूर सरकते. म्हणून जाणता परीक्षक दोन बारांमध्ये नळी थंड होऊ देई आणि थंड नळीतून सुटलेल्या पहिल्या गोळीला सर्वाधिक महत्त्व देई, कारण रानात दुसरी संधी मिळेलच याची शाश्वती नसते. कारागीर तर एका ठरावीक काडतुसासाठीच नळ्या जुळवीत असे: बार काढायचा, डाक सोडवायचा, नळ्यांच्या तोंडांमधील पाचर केसभर सरकवायची, पुन्हा डाक द्यायचा आणि पुन्हा बार काढायचा. काडतूस बदलले की ही सारी मेहनत व्यर्थ जाण्याचा संभव असे. विलायतेच्या थंडीत जुळवलेली बंदूक इथल्या वैशाखात आणली की उष्णतेने दारूचा दाब वाढे. त्यामुळे हिंदुस्थानासाठी कॉर्डाइट दारूचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवलेली निराळी काडतुसे तयार होत. म्हणजे गोळीची परीक्षा ज्या हवेत ती वापरायची त्याच हवेत घेतली पाहिजे, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाली होती.

स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडच्या परवानाधारकाच्या हाती आल्या त्या बहुधा ईशापूरच्या कारखान्यातील बंदुका आणि १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील ‘शक्तिमान’ काडतुसे. जिल्हादंडाधिकाऱ्यांचा परवाना, पोलीसठाण्यातील नोंद, निवडणूक आली की हत्यार जमा करून घेतलेली पावती, या शिरस्त्यात ती पिढी वाढली. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपवले, आणि ते संपले हे उचित झाले. करवीर संस्थानच्या शिकारीचे राखीव रान असलेला राधानगरी-दाजीपूरचा टापू १९५८ सालीच गव्यांसाठी अभयारण्य झाला होता. पनवेलपासून हाकेच्या अंतरावरचे कर्नाळ्याचे रान १९६८ साली पक्ष्यांसाठी राखले गेले. याच रायगड जिल्ह्यातील किहीम येथे १९३० च्या पावसाळ्यात सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास करणारे डॉ. सालिम अली पक्षिशास्त्राकडे वळले, ते लहानपणी एअरगनने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या एका चिमणीमुळे: ती कोणत्या जातीची, हे विचारायला तो मुलगा १९०८ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे गेला, आणि तेथील पक्ष्यांचा संग्रह पाहून त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. बंदूक खाली ठेवल्यावरही तिने जागवलेली जिज्ञासा टिकू शकते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

कागदावरचे रण

शिकार गेली तरी नेम राहिला. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले ते पुढे लोकसभेचे सभापती बनलेले दादासाहेब मावळणकर. रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे हे त्यांच्या घराण्याचे मूळ गाव. देशातील नवोदित नेमबाजांना आजही त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून पुढे जावे लागते. मुंबईत प्रशिक्षक संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली अंजली भागवत, दीपाली देशपांडे आणि सुमा शिरूर ही पिढी घडली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ साली पालेमबांगमध्ये आशियाई सुवर्ण जिंकले, ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत जगज्जेते झाले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक मिळवणारे, दीपाली देशपांडे यांचे शिष्य स्वप्नील कुसाळे हे त्याच राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे, जेथे एके काळी करवीरकरांच्या बंदुकांचे आवाज घुमत.

दहा मीटर एअर रायफल हा रायफल नेमबाजीचा पाया. तिच्यात दारू नाही, ठिणगी नाही; दाबलेल्या हवेने साडेचार मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटते आणि सहा शतांश सेकंदात लक्ष्यावर पोहोचते. तिची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास. वीस ज्यूलपर्यंत ऊर्जा आणि साडेचार मिलिमीटरपर्यंत व्यास असलेल्या हवेच्या हत्याराला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, म्हणूनच सामान्य घरातील मूल या खेळात प्रवेश करू शकते. लक्ष्याचा मध्यबिंदू अवघा अर्धा मिलिमीटर. गोळीची कड त्या बिंदूला जेमतेम स्पर्शून गेली तर १०.० गुण आणि गोळी अचूक मध्यावर बसली तर १०.९, प्रत्येक दशांशामागे पाव मिलिमीटरचे अंतर. साठ गोळ्या, पंचाहत्तर मिनिटे आणि कमाल ६५४ गुण, अशी ही परीक्षा. जागतिक दर्जाच्या नेमबाजाला सरासरी साडेदहापेक्षा खाली येणे परवडत नाही.

आता गोळीकडे जवळून पाहू. नेमबाज मंडळी तिला पेलेट म्हणतात. डोके चपटे, कंबर बारीक, मागे पोकळ घेर, असा तिचा डमरूसारखा आकार. वजन सुमारे ०.५३ ग्रॅम. डोके चपटे असल्यामुळे कागदात फाटके भोक न पडता नेटके वर्तुळ कापले जाते, आणि घेर पोकळ असल्यामुळे हवेच्या दाबाने तो फुलून नळीच्या आट्यांना घट्ट बसतो. पाचशे गोळ्यांच्या चपट्या डब्यावर डोक्याचा व्यास छापलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. हा शतांश मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, परंतु नळीला तो जाणवतो. शिवाय एकाच व्यासाच्या दोन डब्यांतही साम्य असेलच असे नाही, कारण ज्या साच्यातून त्या निघाल्या तो साचा झिजत असतो. म्हणून डब्यावरचा बॅच क्रमांक हा ब्रँडच्या नावापेक्षा मोलाचा.

परीक्षेची रीत अशी. रायफलचा लाकडी वा धातूचा दस्ता उतरवून नळी आणि यंत्रणा एका जड शिकंज्यात आवळतात, तो शिकंजा भक्कम मेजाला बोल्टने जखडलेला असतो. अशा रीतीने हात हा संशयित बाजूला झाला. हवेची टाकी भरलेली असते, तिचा दाब पाहिला जातो, आणि नळीला नव्या गोळीची सवय व्हावी म्हणून आरंभीच्या काही गोळ्या हिशेबात न धरता सोडल्या जातात. मग एकेक गोळी बोटांनी न दाबता, घेर न चेपता, खोबणीत ठेवायची, झडप मिटायची, चाप ओढायचा. दहा मीटरवर काहीच झाले नाही असे वाटते. केवळ कागदावरच्या त्याच एका छिद्राची कड किंचित सरकते. दहा गोळ्या झाल्या की कागद पुढे सरकवायचा, त्यावर बॅच क्रमांक लिहायचा आणि छिद्राची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी मोजायची. गोळीच साडेचार मिलिमीटरची असल्यामुळे त्याहून लहान छिद्र शक्यच नाही. रुंदी साडेपाच भरली तर साऱ्या गोळ्या केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत पडल्या, म्हणजे प्रत्येकीला किमान १०.८ मिळू शकतात. तीच रुंदी साडेसात झाली तर काही गोळ्या, हात कितीही निश्चल असो, १०.४ पर्यंत घसरणार.

येथे एक भ्रम टाळावा लागतो, आणि अनुभवी प्रशिक्षक त्याविषयी फार कडक असतात. सहा बॅचांचा एकेक कागद पुढ्यात ठेवला की त्यांतील एक सर्वांत लहान दिसणारच, मग त्या सहाही बॅच प्रत्यक्षात सारख्याच दर्जाच्या का असेनात. यदृच्छेने लाभलेल्या त्या एका कागदावर विसंबून वर्षभराचा साठा भरणे हे परीक्षेचे सोंग झाले. त्यामुळे पहिल्या फेरीतील उत्तम दोन-तीन बॅच दुसऱ्या दिवशी, निराळ्या क्रमाने, पुन्हा तपासाव्यात आणि दोन्ही वेळी जी टिकेल तीच घ्यावी. शिकाऱ्याला ही शिस्त क्वचितच साधे, कारण त्याचे लक्ष्य एकतर पडे किंवा पळून जाई, आणि दोन्ही प्रसंगी त्याला एकच पुरावा मिळे. कागद पळत नाही. त्याला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारता येतो, आणि तो दर वेळी खरेच सांगतो.

पन्नास मीटरच्या रायफलीत हे प्रकरण अधिक गहन होते. तेथे दारूचे काडतूस, सुमारे २.६ ग्रॅमची गोळी आणि ध्वनीच्या वेगाच्या जरा खाली राखलेला वेग. गोळी तो वेग ओलांडून पुन्हा खाली आली तर वाटेत डगमगते, म्हणून ही मर्यादा. काडतुसातील प्रस्फोटक, दारू, शिशाचे वजन, मेणाचा लेप यांतील सूक्ष्म भेदामुळे प्रत्येक लॉटचा स्वभाव निराळा होतो, आणि एका नळीला मानवलेला लॉट शेजारच्या नळीला मानवेल असे नाही. त्यामुळे जगातले अव्वल नेमबाज आपली रायफल घेऊन इंग्लंड-जर्मनीतील काडतूस-कारखान्यांच्या तपासणीगृहांत जातात, अनेक लॉट तपासतात आणि जुळलेला लॉट तेथेच राखून ठेवतात. आपल्यापैकी मोजक्यांनाच हे शक्य होते.

कोकणच्या नेमबाजाला याखेरीज पावसाळ्याशी झगडावे लागते. जून ते सप्टेंबर पनवेलची हवा ओलीचिंब असते. निष्काळजीपणे उघड्या राहिलेल्या डब्यातील शिशावर पांढरट भुकटी चढते, नळीत गंज शिरू पाहतो, आणि मार्चमध्ये निवडलेली उत्तम बॅच ऑगस्टमध्ये विस्कटते. उपाय साधे आहेत: डबे घट्ट झाकून ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवणे, नळी वेळोवेळी पुसणे, आणि पावसाळा सरल्यावर जुन्या निकालावर विसंबून न राहता पुन्हा तपासणी करणे. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊच्या डब्याला स्पर्श न करणे, हाही याच शिस्तीचा भाग, आणि मुलांच्या बाबतीत तो सर्वांत महत्त्वाचा.

किती परीक्षा, कोणासाठी

गोळीच्या परीक्षेचे महत्त्व इतके सांगितल्यावर तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. हाताची चूक आणि गोळीची चूक यांची सरळ बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. एखाद्या नवशिक्याचा हात तीन मिलिमीटरने चुकत असेल आणि गोळी एका मिलिमीटरने, तर एकूण चूक चार नव्हे, सुमारे ३.१६ मिलिमीटर होते; निर्दोष गोळी आणून दिली तरी त्याचा लाभ अवघा ०.१६ मिलिमीटरचा. परंतु ज्याचा हात वर्षानुवर्षांच्या साधनेने एका मिलिमीटरवर आला आहे, त्याची एकूण चूक १.४१ मिलिमीटर असते आणि निर्दोष गोळी ती थेट एकवर आणते. म्हणजे गोळीची परीक्षा ही साधनेच्या आरंभी जवळजवळ निरुपयोगी आणि तिच्या शिखरावर अनिवार्य आहे. हौसेने मुलाला रेंजवर आणणाऱ्या आणि दुसऱ्याच महिन्यात महागड्या परदेशी गोळ्यांची चौकशी करणाऱ्या पालकांनी हे गणित ध्यानी धरावे. पहिली दोन-तीन वर्षे उभे राहण्याची ढब, श्वास, चापावरचे बोट आणि बार सुटल्यानंतरही क्षणभर टिकवायची स्थिरता, यांनाच द्यावीत.

उलट, ज्या मुलांचा हात तयार झाला आहे त्यांच्यावर आज अन्याय होतो आहे. दर्जेदार गोळ्या बहुतांशी जर्मनी, चेक प्रजासत्ताक आणि चीन येथून येतात. ज्याच्यापाशी पैसा आणि ओळख आहे त्याला दहा बॅच चाळून हवी ती उचलता येते, आणि महाड, पेण, श्रीवर्धनसारख्या ठिकाणाहून आलेल्या मुलाला दुकानात जी असेल ती मुकाट्याने घ्यावी लागते. दोघांचा हात सारखा असला तरी सरासरी एका दशांशाचा फरक साठ गोळ्यांत सहा गुणांचा होतो, आणि सहा गुणांत राज्य संघातील जागा जाते. हा पराभव त्या मुलाचा नसतो, तरी तो त्याच्या नावावर नोंदला जातो.

यावर उपाय आवाक्यातला आहे. ज्या ज्या जिल्हा क्रीडासंकुलात दहा मीटरची रेंज आहे तेथे एक भक्कम शिकंजा आणि मेज असावे. कोणत्या नळीला कोणती बॅच मानवली याची नोंदवही असावी. आणि जिल्हा व राज्य संघटनांनी बॅच तपासून, एकत्र खरेदी करून, खरेदीच्या दरानेच ती होतकरू मुलांना द्यावी. खडकी आणि वरणगाव येथे दारूगोळा घडवणारे सरकारी कारखाने ज्या राज्यात आहेत, त्या राज्यात खेळाच्या गोळ्या तपासणारे एखादे मध्यवर्ती केंद्र उभे राहणे अशक्य नाही. संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी, क्रीडाखात्याने आणि या खेळावर प्रेम करणाऱ्या दात्यांनी पनवेलसारख्या एखाद्या रेंजवर हा प्रयोग येत्या वर्षी सुरू करावा. हाताची परीक्षा त्या मुलाने द्यावी, ते त्याचे कर्तव्य. गोळीची आणि नळीची परीक्षा घेण्याची सोय त्याला मिळवून देणे, हे आपले.